आधी पाणी, मग बोट, मग इंजिन

बोट घ्यायची ठरली तेव्हा ती कुठल्या पाण्यात चालणार, हा विचार आम्ही सगळ्यात शेवटी केला. आधी पाणी बघायचं, मग बोट, मग इंजिन. आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. पैशाचं नुकसान भरून निघालं नाही तरी विसरता येतं. पण एका दुपारी घरातली दोन मुलं त्या बोटीत होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. कर्जत-खालापुरात नदीकाठी जमीन असलेली, पर्यटकांसाठी खोल्या बांधलेली बरीच मंडळी आज याच विचारात असतात. 'जुनी बोट मिळतेय, इंजिन नवं टाकलेलं आहे, घेऊ का?' असं विचारायला माझ्याकडे येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा माझं काय काय चुकलं ते एकदा सरळ लिहून काढते.

आमची जागा कर्जतजवळ, पेज नदीच्या काठी. भातशेती, थोडी आंब्याची झाडं आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या काही खोल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबं येतात. मुलं गाडीतून उतरतात, नदीकडे धावतात आणि परत येऊन विचारतात, "इथे बोटिंग आहे का?" हे इतक्यांदा ऐकलं की नसलेली बोट ही आमची उणीव वाटायला लागली. त्यात पुराचं निमित्त होतं. २६ जुलै २००५ चा पाऊस इथल्या घराघरात अजून लक्षात आहे. पुढे २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी गाडीत होते. एनडीआरएफची आणि नौदलाची पथकं रबरी बोटी घेऊन आली, चामटोलीची माणसं मदतीला धावली. आमच्यापासून हे ठिकाण फार लांब नाही. टीव्हीवर ते बघताना माझे दीर म्हणाले, "वहिनी, आपली एक बोट हवी. एरवी पाहुण्यांना फिरवू, पुरात गावाच्या उपयोगी पडेल."

बोलणं इतकं बरं वाटलं की ते कुणी तपासलंच नाही. इथे पहिली चूक झाली. एकाच बोटीवर आम्ही दोन वेगळी कामं लादली. पुरातून माणसं काढणाऱ्या रबरी बोटी हलक्या असतात. चार माणसं त्या उचलून रुळावरून, बांधावरून पलीकडे नेऊ शकतात. पुराच्या पाण्यात झाडं वाहत येतात, कुंपणाच्या तारा असतात, विजेच्या वायरी असतात. तिथे पंखा अडकला की इंजिन बंद, आणि बंद इंजिनाची जड फायबरची बोट प्रवाहात आडवी होते. शिक्षण न घेतलेल्या माणसानं अशी बोट पुरात नेली, तर सोडवायच्या माणसांत आणखी भर पडते. हे सगळं मी नंतर शिकले. तेव्हा मात्र गावाच्या उपयोगी पडण्याच्या भावनेनं आमच्या हौसेला मोठं कारण मिळालं होतं, आणि कारण मोठं असलं की माणूस हिशेब विचारत नाही.

दुसरी चूक पाण्याची. पेज उन्हाळ्यातही वाहते, म्हणून आम्ही तिला बारमाही नदी समजत आलो. ती वाहते कारण घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून खाली येतं. हे वीजघर १९२२ पासून चालू आहे. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. त्याचं पाणी पाताळगंगेत उतरतं आणि खालापूर तालुक्यातली ती नदी त्यावर जगते. १९२७ चं भिरा याच मालिकेतलं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर, आणि म्हणूनच तिथे पाणी सुटण्याची वेळ पाळून राफ्टिंग करतात. आमच्या राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात पिकतं ते भिवपुरीच्या पाण्यामुळे. म्हणजे पेजची पातळी ठरते वीज किती हवी आणि यंत्रं किती चालू आहेत त्यावर. यंत्रं चालू असली की पाणी चढतं. बंद झाली की थोड्याच वेळात दगडांची डोकी वर येतात. लहानपणापासून जे काठावर राहतात त्यांना हे माहीत असतं. माझ्या सासरच्यांनाही माहीत होतं. पण कपडे धुणं, गुरं पाण्यावर नेणं, पंप लावणं एवढ्यासाठीच ते माहीत होतं. बोटीच्या तळाखाली फूट-दीड फूट खोल पंखा फिरतो आणि त्याला दिवसभर पाणी लागतं, हा संबंध कुणी जोडला नाही.

माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. मामा तांडेल; हयात खाडीत आणि समुद्रात गेलेली. बोटीचं ठरल्यावर पहिला फोन त्यांना करायला हवा होता. मी मुद्दाम केला नाही. मामांना विचारलं तर ते 'नको' म्हणतील, हे मला आतून माहीत होतं. जाणकाराला विचारलं नाही ही चूक एक वेळ अज्ञानातून होते. उत्तर नको म्हणून न विचारणं ही त्याहून मोठी चूक, आणि माझी ही होती.

बोट धरमतरच्या खाडीकाठी होती. साधारण अठरा फुटी, फायबरची, बाहेरून नुकतीच निळी रंगवलेली. मागे चाळीस हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन चमकत होतं. मालक म्हणाला, "ताई, बोट वापरलेली आहे, पण इंजिन नवं टाकलंय. आता पाच वर्षं बघायला नको." किंमत नव्या बोटीच्या निम्म्याहून कमी. दीर खूश झाले. मी इंजिनाबद्दलच प्रश्न विचारत राहिले. किती पेट्रोल खातं, वेग किती, सर्व्हिस कुठे मिळते. बोटीबद्दल एकच विचारलं, किती माणसं बसतात. जुनं इंजिन का काढलं, हे विचारायचं सुचलंच नाही. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

इंजिन बघायला आम्ही खोपोलीतला ओळखीचा मेकॅनिक नेला होता. मोटारसायकल आणि पंपाच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास नाही. त्यानं इंजिनाचा खालचा भाग पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये बुडवून चालू केलं, आवाज ऐकला आणि मान हलवली, "एकदम ओके." त्याचा काही दोष नाही. ड्रममध्ये इंजिन चालतं तेव्हा त्याच्यावर भार नसतो. मोटारसायकल स्टँडवर लावून रेस करण्यातलाच हा प्रकार. चढावर ती दोघांना ओढेल का, हे त्यातून कळत नाही. बोटीचं इंजिन पाण्यात, माणसं बसवून, पूर्ण वेगात काही वेळ पळवायचं असतं. चाळीसच्या फोर स्ट्रोकनं तेव्हा मिनिटाला साधारण ५००० ते ६००० फेरे घ्यायला हवेत. त्याच्या बरंच खाली राहिलं, तर पंखा चुकीचा आहे, इंजिन दमलेलं आहे किंवा बोट जड झालेली आहे. तिन्हीपैकी काहीही असलं तरी घेणाऱ्याला ते कळायला हवं.

पाण्यात फेरी झाली, ती खाडीत थोडंसं पुढे जाऊन परत येण्यापुरती. त्या फेरीत एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. बोट उभी असताना मागून खाली बसलेली दिसत होती, आणि वेग घेताना नाळ, म्हणजे पुढचं टोक, इतकी वर उचलली जायची की समोरचं पाणी दिसेना. मालक म्हणाला, "इंजिन पावरफुल आहे ना, म्हणून." मी ते मानलं. खाडीकाठी वाढलेल्या मुलीनं हे मानायला नको होतं. होडी पाण्यावर कशी बसते हे आमच्याकडे लहान पोरंही बघतात. दिसलं होतं, पण मन आधीच ठरलेलं होतं. मी तिथेच विसार दिला.

कागद मागितले तेव्हा त्यानं नोंदणीची झेरॉक्स दिली. ती मी घरी येऊन नीट वाचली. नोंदणी मासेमारी नौकेची होती. इंजिनाच्या रकान्यात पंचवीस हॉर्सपॉवर लिहिलेलं होतं, आणि तिथला नंबर मागे लावलेल्या इंजिनाशी जुळत नव्हता. नव्या इंजिनाचं बिल मागितलं, तर ते नव्हतंच. दुसऱ्या बोटीवरून काढलेलं इंजिन होतं ते. म्हणजे कागदाप्रमाणे ही बोट वेगळी, तिचं काम वेगळं आणि तिची ताकदही वेगळी. आपल्याकडे मासेमारी नौकांची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाकडे होते. प्रवासी बसवायचे तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची नोंदणी लागते, सर्वेक्षण लागतं, किती माणसं बसवायची ते ठरवून मिळतं. नदी-तलावातल्या यांत्रिक नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला आहे. त्यातही नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा या गोष्टी आहेत. 'कागद काय, होतील मागाहून' असं म्हणून आम्ही उरलेले पैसे दिले.

कागदांना इतकं महत्त्व का, हे मला त्यानंतर दोन बातम्यांनी शिकवलं. ७ मे २०२३ ला केरळात तानूरजवळ प्रवासी बोट उलटली आणि २२ माणसं गेली. मासेमारीची होडी फेरफार करून पर्यटकांसाठी वापरली जात होती आणि तिच्यात माणसंही जास्त भरली होती. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला होता. त्या बोटी आणि आमची बोट यांची तुलना करण्याचा प्रश्न नाही. पण होडीचं काम बदललं किंवा तिच्यावर वेगळी ताकद बसवली की तिचं वागणं नव्यानं तपासावं लागतं, हे दोन्हीकडे दिसतं. सर्वेक्षण म्हणतात ते यासाठीच असतं. मी मात्र त्याला सरकारी खेटे समजले होते.

बोट टेम्पोत चढवून पेणहून खोपोलीमार्गे घरी आणली. त्या रस्त्यावर वजनकाटे जागोजागी आहेत. एका काट्यावर टेम्पो आधी रिकामा आणि मग बोटीसकट उभा केला असता, तर किरकोळ खर्चात सत्य कळलं असतं. अशा बोटींत तळाच्या फळीखाली फोम भरलेला असतो. तो पाणी प्यायला की बोट बाहेरून कोरडी दिसते आणि आतून जड झालेली असते. बांधणाऱ्यानं सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत फार फरक पडला, की समजायचं पाणी आत आहे. उतरवताना आमचे गडी म्हणाले होते, "लई जड हाय वैनी." आम्ही इंजिनाकडे बोट दाखवलं.

पुढच्या शनिवारी पाहुण्यांना फिरवायचं ठरलं, म्हणून आधी घरच्यांनीच फेरी मारायचं ठरवलं. नोंदणी आमच्या नावावर नाही, विमा नाही, आणि तरी आम्ही बोट पाण्यात घातली. दीर मागे इंजिनाशी, मी मध्ये, आणि पुढे माझा मुलगा व पुतण्या. लाइफ जॅकेटं नवी कोरी आणली होती. ती पुढच्या फळीखाली गोणीत, गोणीचं तोंड सुतळीनं बांधलेलं. घरचंच पाणी, म्हणून घातली नाहीत. सकाळी पाणी भरपूर होतं. वरच्या डोहापर्यंत गेलो, तिथे मुलांनी मजा केली, वेळ गेला. परत निघालो तेव्हा काठाच्या दगडांवरची ओली रेघ पाण्याच्या बरीच वर आली होती. वर यंत्रं बंद झाली असणार. मी ती रेघ पाहिली, आणि "भावोजी, सावकाश" असं म्हणेपर्यंत खालून दणका बसला.

पंखा आणि त्याच्या खालचा दांडा दगडावर आपटला. इंजिन वर उसळलं आणि सगळं वजन घेऊन परत खाली आलं. मागच्या फळीतून लाकूड तडकल्याचा आवाज आला आणि इंजिन तिरकं झालं. बोट आधीच मागून खाली बसलेली, त्यात ती फळी वाकली, आणि मागच्या काठावरून पाणी आत यायला लागलं. इंजिन बंद पडलं. प्रवाहानं बोट आडवी फिरवली. मी गोणीच्या सुतळीला हात घातला. ती ओली गाठ मला सुटेना. तेवढ्यात दिरांनी पाण्यात उडी मारली आणि ओरडले, "उभं राहता येतंय!" पाणी त्यांच्या कमरेच्या वर होतं, मुलांच्या छातीला लागत होतं. आम्ही हात धरून काठाला आलो. कुणाला काही झालं नाही. पण ते कमी पाण्यामुळे झालं, आमच्या शहाणपणामुळे नाही. तोच दगड डोहाच्या तोंडाशी असता तर? हा प्रश्न मी माझ्यापुरता मिटवू शकलेले नाही. जॅकेट अंगावर नसेल तर ते नसल्यातच जमा आहे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

त्या रात्री मी मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते आले. रागावले नाहीत. बोटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाय, मशीन नवी हाय, पन होरी जुनी हाय ना? होरी कोनी बगली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "पयली मशीन कशाला काढली, इचारलं का?" त्यालाही नव्हतं.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीनं मागच्या फळीवर ठोकायला सुरुवात केली. कडेला ठण ठण आवाज येत होता. इंजिनाच्या जवळ येईल तसा तो धप धप व्हायला लागला. इंजिन धरणारा खालचा एक बोल्ट त्यांनी काढायला घेतला. तो निघताच भोकातून तपकिरी पाण्याची धार लागली आणि बराच वेळ थांबेना. मामांनी भोकात तार घातली आणि बाहेर काढली. टोकाला काळा, ओला भुसा. "हात लाव," म्हणाले. बोटांत चुरलं तर त्याचा चिखल झाला. ही मागची फळी म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये बसवलेलं प्लायवूड. इंजिनाचं सगळं वजन आणि पंख्याचा सगळा जोर तीच पेलते. बोल्टची भोकं नीट बंद केली नाहीत की पाणी आत शिरतं, आणि लाकूड वर्षानुवर्षं आत कुजत जातं. बाहेरचं फायबर गुळगुळीत, वर ताजा निळा रंग. खाडीकाठी मी मुठीनं ठोकून पाहिलं असतं तरी मला ते ऐकू आलं असतं.

मग त्यांनी इंजिनाच्या खालच्या गिअरचं तेल काढून दाखवलं. ते दुधाळ आलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. हा स्क्रू उघडून थेंबभर तेल बघणं हे मिनिटाचं काम आहे. थंड करायचं पाणी ओढणारा रबरी पंखा काढला तर त्याची पाती कडक होऊन चिरलेली होती. बोट महिनोन् महिने उभी राहिली की असं होतं. म्हणून चालू इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार सतत आणि जोरात पडते का, ते बघायचं. टाकीत जुनं पेट्रोल होतं. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. उभ्या बोटीत ते पेट्रोल ठेवू नये, हे मामांनी बजावून सांगितलं.

आणि बोट मागून खाली का बसत होती, तेही कळलं. तिच्यावर मूळ इंजिन टू स्ट्रोक पंचवीसचं होतं. फोर स्ट्रोक त्याच ताकदीचं घेतलं तरी सहसा टू स्ट्रोकपेक्षा जड भरतं. इथे तर ताकदही वाढवलेली होती. शिवाय इंजिनाची उंची. त्याची टांग पंधरा इंची असते किंवा वीस इंची, आणि बोटीची मागची फळी त्या मापाची असावी लागते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या साधारण पातळीत यायला हवी. टांग आखूड पडली तर पंखा हवा खातो आणि इंजिन नुसतं ओरडतं. लांब पडली तर पंखा विनाकारण खोल जातो. आमचं लांब होतं. पेजसारख्या उथळ नदीत ते नको तेवढं खाली लोंबत होतं. दगड चुकवता आला नाही, त्यात तो वाटाही होता.

मामांनी खाडीकाठी चौकशी केली, तेव्हा जुन्या इंजिनाची गोष्ट कळली. एका पावसाळ्यात ती बोट नांगरल्या जागी पाण्यानं भरून बुडाली होती. काही दिवस तशीच राहिली. खाऱ्या पाण्यात इंजिन संपलं, म्हणून बदललं. फळी आणि फोम त्याच दिवसांत भिजले, ते मात्र कुणी बदललं नाही. म्हणजे इंजिन बदलण्याचं कारणच त्या बोटीचा सगळ्यात मोठा दोष होता. मी त्याच इंजिनाकडे बघून बोट घेतली.

यापुढची चूक सांगायला सगळ्यात जड जाते. पैसे अडकले होते. आम्ही फळीच्या तड्यावर फायबरचा थर मारला, वरून रंग दिला आणि बोट विकायला काढली. खालापूरच्या बाजूचं एक कुटुंब आलं. पाताळगंगेच्या काठी त्यांची जागा. त्यांनी इंजिनाबद्दल विचारलं, मी खरं खरं सांगितलं. तेल, रबरी पंखा, सगळं आम्ही बदललं होतं. फळीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निघताना त्या घरची सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मुलांना बसवता येईल ना?" मी "हो" म्हणाले. त्यांनी विसार दिला.

रात्रभर ते "हो" छातीवर बसलं होतं. सकाळी मी फोन करून सगळं सांगितलं: बोट बुडालेली आहे, फळी कुजलेली आहे, आम्ही ती झाकली आहे. विसार परत दिला. त्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "मग काल का नाही सांगितलंत?" याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मला अंधारात ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात किती बोल लावले होते. त्याच्या जागी उभी राहायची वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

शेवटी इंजिन वेगळं काढलं. त्याची खाडीत भार देऊन चाचणी घेतली, झालेलं सगळं काम लिहून दिलं आणि एका मच्छीमाराला त्याच्या होडीच्या मापाला बसतंय हे बघून विकलं. बोट कापून टाकली. फळी नवी घालता आली असती, फोमही काढता आला असता. पण त्या खर्चात आणि थोडी भर घालून धड बोट आली असती, आणि पेजला तर ती तरीही नकोच होती. आता आम्ही पाहुण्यांना मोटरबोट देत नाही. नदीत उतरायचं तर वीजघराचं पाणी कधी चढतं-उतरतं ते सांगतो आणि जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय कुणाला पाण्यात जाऊ देत नाही. पुरासाठी दोर, फेकायची रिंग आणि जॅकेटं घरी तयार ठेवली आहेत. बोटीचं काम शिकलेल्या पथकांचं.

इंजिन बदललेली जुनी बोट वाईटच असते, असं मी म्हणणार नाही. मामांची स्वतःची होडी तिसऱ्या इंजिनावर चालते आणि ती उत्तम आहे, कारण त्या होडीचा प्रत्येक बोल्ट त्यांना माहीत आहे. घ्यायची असेल तर आपलं पाणी वर्षभर, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, किती खोल असतं ते आधी बघा. मग होडी बघा. मागची फळी ठोकून पाहा, एक बोल्ट काढून पाहा, काट्यावर वजन करा. कागदावरचा इंजिनाचा नंबर जुळवा. इंजिन शेवटी, आणि तेही पाण्यात, भार देऊन. सोबत मेकॅनिक नेलात तरी एखादा तांडेल न्याच, आणि तो नको म्हणेल अशी भीती वाटत असेल तर आधी त्यालाच फोन करा. आणि मालकाला विचारा, जुनं इंजिन का काढलं. त्याचं उत्तर मिळून त्याची खात्री होईपर्यंत विसाराचा एक रुपयाही देऊ नका.